हाताच्या थेरपीचं सेंटर: मशीन कमी, डोकं जास्त (४ स्टार)

चार स्टार देऊन राहिली, पाचवा कुठे कापला ते पुढे येईलच. रिव्ह्यू लांब आहे, म्हणून ज्यांना फक्त हो-नाही पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते: हाताला लागलं असेल आणि तोच हात घेऊन परत कामावर जायचं असेल तर इथे या. नुसता खांदा अवघडला, दोन दिवस शेकून पाहतो, असं असेल तर घराजवळचा कोणताही फिजिओ चालते, त्यासाठी एवढ्या दूर यायची गरज नाही.

पेशंट मी नाही. हिंगणा एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे, पॅनल, कॅबिनेट, डक्ट असलं बनते, आणि तिथे मी एचआर म्हणा, अकाउंट म्हणा, गेटपास म्हणा, चहावाल्याचा हिशेब म्हणा, सगळंच पाहते. आमच्या शिअरिंगच्या, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवरच्या एका भाऊचा उजवा हात कापला. शीट पुढे सरकवताना घसरली आणि करंगळी न अनामिकेच्या मुळाशी धार आत गेली. हाड वाचलं, पण दोन्ही बोटं वाकवणारे टेंडन तुटले आणि करंगळीची एक नस (नर्व्ह) पण. भाऊचं नाव लिहीत नाही, त्यांना विचारूनच लिहून राहिली, ते म्हणाले "लिहा मॅडम, फक्त माझा फोटो-बिटो नका टाकू, सासरचे पाहतात."

ऑपरेशन ईएसआयच्या (कामगारांचा सरकारी विमा) टाय-अप हॉस्पिटलात झालं, खिशातून काही गेलं नाही. तिथल्या सर्जननी सुटी देतानाच सांगितलं की मी शिवून दिलं ते अर्धंच काम झालं, उरलेलं अर्धं हॅन्ड थेरपिस्ट करते, आणि टाके निघायची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा. मालक म्हणाले खर्च कंपनी करते, चांगलं शोध. मग शोधता शोधता हे सेंटर सापडलं. वेस्ट नागपूरमध्ये आहे आणि मेट्रोच्या एक्वा लाइनच्या स्टेशनवरून चालत जाता येते. हे मला आधी मोठं वाटलं नव्हतं पण उजवा हात बांधलेला माणूस गाडी चालवू शकत नाही, रोज ऑटोनं हिंगण्याहून आणायचं म्हटलं तर थेरपीपेक्षा ऑटोचं बिल मोठं व्हायचं. भाऊ लोकमान्य नगरला मेट्रोत बसायचे आणि एसीत आरामात यायचे, मे महिन्यात तेवढंच सुख.

आता पहिल्या दिवसाचं. मी सोबत गेली होती. याआधी आमच्या दुसऱ्या एका माणसाला कंबरेसाठी भलतीकडे पाठवलं होतं, तिथे काय व्हायचं तर झोपवायचे, करंटचे पॅड लावायचे, घड्याळ लावून थेरपिस्ट मोबाइल पाहत बसायची, टिंग वाजलं की "उद्या या". मला वाटलं इथेही तसंच असेल. इथल्या मॅडमनी हाताला हात लावायच्या आधी विचारलं, "काम काय करता?" भाऊ म्हणाले शिअरिंग. त्यांनी विचारलं म्हणजे नेमकं काय, शीट कोण उचलते, पाय पॅडलवर असतो का, ग्लोव्हज कोणते, दिवसभर उभंच राहावं लागते का, उजव्या हातानं ढकलता का डाव्या. भाऊ पाच मिनिटं बोलत होते. ऑपरेशन झाल्यापासून त्या माणसाला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

या मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, म्हणजे माणूस त्याची रोजची कामं परत करू शकेल यासाठी उपचार करणाऱ्या. फिजिओ वेगळा, हा वेगळा, हे मला पण तिथेच कळलं. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, ऑक्युपेशनल थेरपीचा कोर्स चालते, पण नागपुरात दहा लोकांना विचारलं तर नऊ जण "म्हणजे नोकरी लावून देतात का" असं म्हणतील. आपल्या देशात हे शिकवायला सुरुवात १९५० मध्ये मुंबईच्या केईएमला कमलाबाई निंबकरांनी केली, त्यांचा फोटो सेंटरच्या भिंतीवर आहे, खाली दोन ओळी माहिती पण आहे, वेटिंगमध्ये बसून बसून पाठ झाली.

शिवलेल्या टेंडनची भानगड मॅडमनी इतकी सोपी करून सांगितली की मी ती पुढे आमच्या सुपरवायझरला आणि मालकालाही तशीच ऐकवली. टेंडन म्हणजे बोट ओढणारी दोरी. शिवल्यावर बिलकुल हलवलं नाही तर ती आजूबाजूच्या मांसाला चिकटते आणि बोट वाकतच नाही, आणि जोर लावला तर शिवलेलं तुटते. म्हणून पहिले साधारण सहा आठवडे स्प्लिंट (हाताला आधार द्यायचा कडक साचा), मनगट आणि बोटं अशा कोनात की दोरीवर ताण येणार नाही, आणि त्या स्प्लिंटच्या आतच दर तासाला ठरलेली हालचाल, ना कमी ना जास्त. आठव्या आठवड्याच्या आसपास कप धर, शर्टचं बटण लाव अशी हलकी कामं, आणि जोराचं काम बारा आठवड्यांच्या आधी नाही. मी लगेच डोक्यात कॅलेंडर लावलं, तीन महिने शिअरिंगवर दुसरा माणूस पाहिजे. पण हे पहिल्याच दिवशी कळलं हे किती मोठं आहे, ते ज्यानं प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं आहे त्यालाच समजेल. नाहीतर होते काय, डॉक्टर पंधरा दिवसांची चिठ्ठी देतात, मग अजून पंधरा, मग अजून, आणि तिकडे फ्लोअरवर "आज येते का उद्या येते" करत सगळे लटकलेले, आणि पेशंटवर पण चिडचिड की हा नाटकं करून राहिला.

स्प्लिंट तिथेच बनवून देतात, रेडिमेड नाही. प्लास्टिकची शीट गरम पाण्यात टाकली की मऊ होते, मग हातावर ठेवून आकार देतात, थंड झाली की कडक. आमचे भाऊ शीट मेटलवाले, त्यांना फार मजा आली, म्हणे "मॅडम बेंडिंग तर तुमच्याकडे पण चालते." याचा एक किस्सा ऐका. नंतरच्या टप्प्यात, स्प्लिंट फक्त रात्री घालायचा होता तेव्हा, भाऊनी तो साळ्याच्या ऑटोत डॅशबोर्डवर ठेवला आणि दुपारभर ऑटो उन्हात. नागपूरचा मे महिना आहे बाप्पा, बाहेर ४५ आणि काचेच्या आत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, स्प्लिंट पार पापडासारखा उलगडला. भाऊ घाबरत घाबरत घेऊन गेले की आता परत पैसे लागतील. मॅडम हसल्या, तेच प्लास्टिक परत गरम पाण्यात टाकलं, परत हातावर बसवलं, एक रुपया घेतला नाही. फक्त म्हणाल्या की हे उन्हाळ्यात दर वर्षी होते. मग बाई, दर वर्षी होते तर स्प्लिंट देतानाच त्यावर "उन्हात ठेवू नका" असं स्टिकर लावा ना! हे मी तिथे बोलली पण, आता लावतात का माहीत नाही.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. नागपूरचा रिव्ह्यू आहे आणि खर्ऱ्याचं नाव निघणार नाही असं कसं होईल. मॅडमनी दुसऱ्याच भेटीत विचारलं, "भाऊ, खर्रा किती चालते?" भाऊ म्हणाले, "जास्त नाही मॅडम, दोन-तीन." मी बाजूला बसली होती, मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाच-सहा." मॅडमनी लेक्चर दिलं नाही. बोटाचं टोक दाबून पांढरं केलं, सोडलं, आणि लाल व्हायला किती वेळ लागते ते दाखवलं, डाव्या हाताचं पण दाखवलं. म्हणाल्या तंबाखूतल्या निकोटिननं रक्ताच्या बारीक नळ्या आकसतात, शिवलेल्या जागी रक्त कमी पोचते, भरायला वेळ लागते, बाकी तुमची मर्जी. भाऊनी पूर्ण सोडला असं मी म्हणणार नाही, पण ते तीन महिने कमी केला हे पानठेलेवाल्यानंच मला सांगितलं, तक्रारीच्या सुरात.

बोटाची नस कापली होती त्यामुळे करंगळीची एक बाजू सुन्न. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटरनं वाढते, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर, त्यामुळे "अजून मुंग्या काहून येऊन राहिल्या" असं भाऊ विचारायचे तेव्हा मॅडम पट्टी लावून दाखवायच्या की नस इथपर्यंत आली. घरी तांदळाच्या डब्यात, मग तुरीच्या डाळीत हात घालून फिरवायला सांगितलं, जखमेच्या जागी हात लावला की झिणझिण्या येतात त्या कमी करायला. वहिनी वैतागल्या होत्या की डाळ आता शिजवायची का नाही.

आता या सेंटरची खरी गोष्ट, ज्यासाठी मी एवढं टाइप करून राहिली.

एका दिवशी मॅडमचा फोन आला की मला तुमचं वर्कशॉप पाहायचं आहे. मालकाला वाटलं इन्स्पेक्शन आहे, ते आधी नको म्हणाले. मी समजावलं. आल्या, शूज घालून, केस बांधून, आणि तासभर नुसत्या उभ्या राहून पाहिलं. शीट कोण कशी उचलते, कुठे वाकते, कुठे हात धारेजवळ जाते. १.६ एमएमची आठ बाय चारची शीट किती किलोची ते विचारलं, सदतीस-अडतीस किलो भरते, दोघं उचलतात, पण घाई असली की एकटा पण ओढते, हे आमच्या सुपरवायझरनी मोठ्या अभिमानानं सांगितलं आणि मॅडमनी ते तसंच लिहून घेतलं. ग्लोव्हज पाहिले, आमच्याकडे सुती निटेड होते, दहा-बारा रुपयांचे. त्या म्हणाल्या धारेसमोर हे असले काय नसले काय, कट रेझिस्टंट घ्या, पण लई जाड घेऊ नका कारण जाड ग्लोव्हमध्ये पकडायला जास्त जोर लागते आणि याच्या हातात जोर कमी असणार आहे. आणि ड्रिल मशीनवर कोणतेच ग्लोव्हज नको, फिरत्या भागात अडकतात. ही शेवटची गोष्ट आमच्या भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलेलीच होती, कोणी वाचत नव्हतं.

आणि त्यांनी एक अशी गोष्ट पाहिली जी आम्ही कोणीच पाहिली नव्हती. भाऊ त्या दिवशी मॅडमला दाखवायला म्हणून आले होते. शिअरिंगचं ब्लेड पडलं, धाडकन आवाज, आणि भाऊचा उजवा हात आपोआप छातीशी गेला. दर वेळी. आम्हाला वाटत होतं हात बरा झाला की माणूस मशीनवर उभा राहील. मॅडम म्हणाल्या हात आधी बरा होईल, ही मनातली भीती नंतर, दोन्हीचा वेगळा टाइम धरा. मग प्लॅनमध्ये ते पण आलं: आधी मशीनभोवतीच्या पिवळ्या लाइनच्या बाहेरून पाहायचं, मग मशीन दिसेल असं तपासणीचं टेबल लावायचं, मग मशीन बंद असताना तिथे उभं राहायचं, मग कोणी सोबत असताना लहान पीस. बोलताना त्यांनी आमच्या मालकाला तोंडावर सांगितलं की माणूस दुरुस्त करून त्याच जागी परत उभा करायचा आणि जागा तशीच ठेवायची असेल तर माझी फी कशाला वाया घालवता. मालक हसले, पण पुढच्या महिन्यात शीट सरकवायला बॉल रोलरचं टेबल आलं.

या भेटीनंतर त्यांनी एक कागद दिला, एका पानाचा, आणि तो कागद माझ्या मते पाच स्टारचा आहे. तीन रकाने. करू शकतो, करू शकत नाही, विचारून करायचं. "हलकं काम द्यावे" असं मोघम काही नाही. व्हर्नियर (मापाचं हत्यार) धरणं, लेबल लावणं, रजिस्टर भरणं, दोन किलोपर्यंतचे पीस टेबलावर ठेवणं: करू शकतो. अँगल ग्राइंडर: नाही, कारण व्हायब्रेशन आणि सतत घट्ट पकड. एकट्यानं शीट ओढणं: नाही. स्पॅनरनं बोल्ट कसणं: विचारून. खाली तारीख की हा कागद कधीपर्यंत चालेल, मग नवीन. मी याची झेरॉक्स सुपरवायझरच्या टेबलावर चिकटवली, त्यामुळे "अरे जरा हे उचल ना" म्हणणाऱ्याला भाऊनी स्वतः नाही म्हणायची वेळ आली नाही, कागद दाखवायचा. आपल्याकडे माणूस नाही म्हणत नाही हो, शरमेनं उचलते आणि मग परत ऑपरेशन.

आता ईएसआयचं, कारण बाकी युनिटवाले हे वाचतील तर त्यांच्या कामाचं आहे. ज्याचा पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत आहे तो ईएसआयमध्ये असते, कामगाराचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के कटतात. अपघात झाला की पोर्टलवर अपघाताचा रिपोर्ट, फॉर्म १२, २४ तासांत टाका, आणि मोठी दुखापत असेल तर लगेच. काही जण घाबरून कारखान्यातला अपघात घरचा दाखवतात, म्हणे चौकशी येते. अरे पण मग त्या माणसाला साधं आजारपण लागते, म्हणजे ७० टक्के आणि तेही वर्षात ९१ दिवस. ड्युटीवरची दुखापत म्हणून नोंदलं तर सरासरी रोजीच्या ९० टक्के, आणि ईएसआयचा डॉक्टर अनफिट म्हणते तोपर्यंत, पैसे थेट त्याच्या खात्यात. घरून कामावर येताना-जाताना झालेला अपघात पण यात येऊ शकते, २०१० पासून, हिंगणा रोडचे ट्रक पाहता हे माहीत असलेलं बरं.

इथे सेंटरची एक गडबड झाली. मॅडमचा पहिला प्लॅन असा होता की आठव्या-नवव्या आठवड्यापासून भाऊ रोज दोन तास कामावर येतील, हळूहळू वाढवू. कागदावर फार छान. पण ईएसआयमध्ये ज्या दिवशी पगाराचं काम केलं त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही, आणि डॉक्टरांनी फिट म्हटल्याशिवाय आम्ही त्याला कामावर घेणार कसं? म्हणजे अर्धा दिवस काम न अर्धा दिवस भत्ता असं काही जमत नाही. मी हे सांगितलं तेव्हा मॅडमनी मान्य केलं की हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. पण त्यांनी त्यावर जो उपाय काढला तो पाहून मी खूश. म्हणाल्या, मग काम इकडे आणू. आमच्याकडून पत्र्याचे तुकडे मागवले, कडा दुमडून, कुठेच धार नाही असे, वेगवेगळ्या वजनाचे. एक जुना व्हर्नियर, दोन स्पॅनर, डब्बाभर नट-बोल्ट. सेंटरच्या एका कोपऱ्यात आमच्या टेबलाच्याच उंचीचं टेबल लावलं आणि भाऊ तिथे उभं राहून तासभर "शिफ्ट" करायचे. बाकी पेशंट बॉल दाबून राहिले, रबर ओढून राहिले, आणि आमचे भाऊ पत्रा मोजून राहिले. एक आजी रोज विचारायच्या, "बाळा, तुला इथे नोकरी लागली का?"

बाराव्या आठवड्यानंतर पकड मोजली, हातात धरून दाबायचं यंत्र असते, काटा फिरते. डावा ३६ किलो, उजवा १४. भाऊचं तोंड उतरलं. मॅडमनी त्यांना आकडा कशासाठी आहे ते सांगितलं, तुलना डाव्याशी नाही, पुढच्या महिन्यातल्या उजव्याशी करायची. शेवटी उजवा २७ पर्यंत आला.

फिटनेसचं सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरकडूनच लागते हे लक्षात ठेवा. सेंटरच्या रिसेप्शनवर आम्हाला सांगितलं होतं "फिटनेस आम्ही देतो ना मॅडम," आणि त्या भरवशावर राहिलो असतो तर पंचाईत झाली असती. मॅडमना विचारलं तर त्यांनी लगेच सांगितलं की माझा कागद फक्त माहितीसाठी, तो डॉक्टरांना दाखवा पण सर्टिफिकेट त्यांचंच. मग रिसेप्शनला ते सांगा ना. पाचव्या स्टारातला अर्धा इथे गेला.

कामावर परत आल्यावरचं थोडं, कारण थेरपीचं फळ तिथेच दिसते. भाऊ पहिले काही आठवडे तपासणीच्या टेबलावर, पूर्ण शिफ्ट, पूर्ण पगार. मालकानं मला विचारलं, "काम हलकं आणि पगार पूर्ण, हे कसं?" मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला, ओव्हरटाइमचा, त्या तीन महिन्यांत नवीन पोट्ट्यानं वाया घालवलेल्या शीटचा, आणि वीस वर्षं ज्याचा हात बसला आहे असा माणूस बाजारात किती दिवसांत मिळते त्याचा. ते पुढे काही बोलले नाहीत. फ्लोअरवरचे मात्र बोलले, "साहेब झाला बे तू, टेबलावर बसून राहिला," वगैरे. सुरुवातीला भाऊ हसायचे, मग हसणं बंद झालं. यावर मॅडमनी फोनवरच सुचवलं की त्यांना असं काम द्या जे बाकीच्यांना लागते. मग आम्ही नवीन पोट्ट्यांना शिअरिंग शिकवायचं काम त्यांच्याकडे दिलं, हात न लावता, तोंडानं. पंधरा दिवसांत टोमणे बंद, कारण आता पीस रिजेक्ट करायचा हक्क भाऊकडे होता.

आता बाकीच्या तक्रारी, भराभर. वेळ दिलेली असते पण संध्याकाळी सहानंतर गेलं तर बसावंच लागते, शनिवारी तर जाऊच नका. कूलर वेटिंगमध्ये आहे, व्यायामाच्या खोलीत नुसता पंखा, स्प्लिंटच्या आत घाम येऊन खाज सुटते. व्यायामाचा कागद इंग्रजीत! सगळे पेशंट एमआयडीसीचे, बांधकामाचे, पोळ्या लाटणाऱ्या बाया, आणि कागदावर इंग्रजी. मागितल्यावर मॅडमनी मराठीत व्हॉइस नोट पाठवल्या, चांगल्या होत्या, पण छापील द्या, घरातली पोरं वाचून दाखवतील. वर्कशॉप पाहायला यायचे चार्जेस वेगळे लागतात हे बिल आल्यावर कळलं, रक्कम वाजवी होती, पण आधी सांगायला पाहिजे होतं. आमच्या सीएनी "जीएसटी कुठे आहे बिलात" म्हणून मला पिडलं, थेरपीवर जीएसटी नसतो एवढं त्याला समजावता समजावता माझा एक लंच ब्रेक गेला, यात सेंटरचा काही दोष नाही, पण बिलावर स्प्लिंट आणि सेशन वेगवेगळं लिहून दिलं तर बरं. आणि माणूस कामावर परत गेला की सेंटरकडून फोन बंद होतात, पुढचं मलाच फोन करून विचारावं लागलं. फोन केला तर नीट बोलतात, वेळ देतात, पण स्वतःहून एकदा तरी करावा, कामावरचा पहिला महिनाच तर खरा अवघड असतो.

फीचं म्हणाल तर सेशनचे ५०० घेतले आमच्याकडून, स्प्लिंटचे वेगळे. ज्याला स्वतःच्या खिशातून द्यायचे त्याला जड आहे. त्यांना मी स्वतः सांगेन की मेडिकलच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात पण जाऊन या, तिथे गर्दी असते आणि सकाळ जाते पण शिकलेले लोक आहेत.

करंगळीचं शेवटचं पेर भाऊचं अजून पूर्ण वाकत नाही आणि मॅडमनी आधीच सांगितलं होतं की बहुतेक एवढंच राहील. हे स्पष्ट सांगितलं म्हणून मला त्या आवडल्या, "करत राहा, होईल होईल" म्हणून अजून चार महिने सेशन लावता आले असते. आता कायमच्या नुकसानीसाठी ईएसआयच्या मेडिकल बोर्डाकडे केस जाणार आहे. तिथे काय टक्का लागते तो बोर्डाचा विषय, पण त्यासाठी सेंटरकडून शेवटचा रिपोर्ट मागून घ्या आणि त्यात प्रत्येक सांध्याचं किती अंश वाकते आणि पकड किती किलो, आकड्यांत लिहून मागा. मागितल्याशिवाय ते अर्ध्या पानाची समरी देतात. मागितलं तर त्याच दिवशी, सहीशिक्क्यासकट, दोन प्रतींत.